बबलवर लहान जोडी: कधी ढकलायची, कधी टाकायची

तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाच्या हातात जोडी आली की त्याची बोटं आपोआप चिप्सकडे जातात. तिथे ते चुकीचं नाही. तीन पत्तीत जवळजवळ चारपैकी तीन वेळा समोरच्याकडे साधी जोडीही नसते. टेक्सास होल्डेमच्या टूर्नामेंटमध्ये मात्र हीच सवय बबलजवळ, म्हणजे बक्षिसाच्या जागांहून मोजकेच जण जास्त उरलेले असताना, घात करते. बक्षिसात 15 जण येणार असतात, 17 उरलेले असतात, आणि कुणीतरी छक्कीच्या जोडीवर दुसऱ्याचा ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून, सतरावा होतो. उठताना म्हणतो, "जोडी होती ना!"

याच्या उलट चूक करणारेही तितकेच. बक्षीस तोंडाशी आलंय म्हणून ते बटणावर (डीलरच्या जागेवर, जिथून फक्त दोघे मागे असतात) बसून, सगळ्यांनी पत्ते टाकलेले असताना, चव्वीची जोडीही टाकतात. ब्लाइंड, म्हणजे आळीपाळीने सक्तीने भरायच्या लहान (स्मॉल) आणि मोठ्या (बिग) रकमा, त्यांना कुरतडत जातात आणि बबल फुटतो तेव्हा हातात तीन बिग ब्लाइंड उरलेले असतात.

या लेखात लहान जोडी म्हणजे दुर्रीपासून छक्कीपर्यंत. सत्तीची जोडी का वगळली ते पाचव्या टप्प्यात आकड्यांवरून दिसेल. सगळी उदाहरणं प्रत्यक्ष टेबलावरची आहेत: नऊ जणांचं टेबल, बिग ब्लाइंडवाल्यानेच सगळ्यांची अँटी (प्रत्येक हाताला सक्तीने भरायची रक्कम) भरायची पद्धत, म्हणजे पणजीला मांडवीवरच्या बोटींत साधारण जसं खेळलं जातं तसं. पैसे लावून ऑनलाइन खेळणं 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद झालं आहे, त्यामुळे ॲपवरच्या युक्त्या इथे नाहीत.

## तयारी: पत्ते येण्याआधीच करायचं काम

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी पत्ते बघतात, जोडी दिसली की मग आजूबाजूला पाहतात. तोपर्यंत मन बनलेलं असतं. दुर्री ते छक्की यांपैकी कुठलीही जोडी साधारण 44 हातांत एकदा येते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला 25 ते 30 हात होतात, म्हणजे दीड तासातून एकदा. एवढी वाट पाहिल्यावर हात सुटत नाही. म्हणून हिशोब आधी करायचा.

बक्षिसांची जागा आणि उरलेले खेळाडू यांत चार-पाच जणांचं अंतर राहिलं की पुढचे चार आकडे डोक्यात हवेत:

1. किती जण उरले आणि कितीजणांना पैसे मिळणार.
2. तुमच्याकडे किती बिग ब्लाइंड आहेत. रुपये नाहीत, चिप्सचा आकडा नाही, बिग ब्लाइंड.
3. तुमच्या डावीकडच्या प्रत्येकाकडे किती आहेत. तुमच्यानंतर बोलणारे तेच असतात.
4. तुमच्यापेक्षा कमी चिप्स असलेले किती जण आहेत, सगळ्या टेबलांवर मिळून.

चौथा आकडा सर्वांत जास्त दुर्लक्षित. तो काढण्यासाठी ब्रेकमध्ये पाय मोकळे करताना बाकीच्या टेबलांवरून एक चक्कर मारा. एखाद्याकडे दीड बिग ब्लाइंड आहे आणि पुढच्या हाताला तो ब्लाइंडमध्ये येणार आहे, ही माहिती तुमच्या पंजीच्या जोडीपेक्षा मोलाची आहे.

आणखी एक साधा हिशोब. स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक, अँटी एक, म्हणजे एका फेरीचा खर्च अडीच बिग ब्लाइंड. तुमच्याकडे 10 असतील तर काहीही न खेळता चार फेऱ्या, म्हणजे 36 हात काढता येतात. मधे ब्लाइंड वाढले नाहीत तर. "माझ्याकडे वेळ नाही" असं वाटतं तेव्हा हे गणित करून बघा. बहुतेकदा वेळ असतो.

तपासा: डावीकडच्या दोघांचे स्टॅक (चिप्सचे ढीग) आत्ता, न बघता, सांगता येतात का? नसतील तर पुढचा हात मिळण्याआधी मोजून घ्या. समोरच्याला किती चिप्स आहेत हे विचारायला लाजू नका. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, दिसतील अशा ठेवणं त्याच्यावर बंधनकारक असतं.

## टप्पा 1: बक्षिसांची यादी वाचा

सगळे बबल सारखे नसतात. तीन प्रकार वेगळे ओळखा.

सॅटेलाइट. सगळ्या विजेत्यांना एकच बक्षीस, मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट. दहा तिकिटं आणि अकरा खेळाडू असतील तर पहिला आणि दहावा यांत काडीचा फरक नाही. इथे लहान जोडीवर, हरलो तर बाहेर जाऊ असा कॉल करायचाच नाही. तिकीट जवळजवळ पक्कं असलेल्या खेळाडूने इथे एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणं बरोबर ठरतं, तिथे छक्कीचं काय घेऊन बसलात.

एका टेबलाची टूर्नामेंट. नऊ जण, तिघांना बक्षीस, साधारण 50, 30 आणि 20 टक्के अशी वाटणी. इथला बबल फार तिखट असतो, कारण तिसऱ्यालाही एकूण रकमेचा पाचवा हिस्सा मिळतो आणि चौथ्याला शून्य.

मोठी टूर्नामेंट. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची 2023 ची मुख्य स्पर्धा घ्या. 10,043 प्रवेश, 1,507 जणांना बक्षीस, प्रवेश 10,000 डॉलर, सर्वांत लहान बक्षीस 15,000 डॉलर आणि पहिलं 1 कोटी 21 लाख डॉलर. ज्याच्याकडे भरपूर चिप्स आहेत त्याच्या लेखी ते 15,000 म्हणजे चिल्लर. त्याने बबलवर दुसऱ्यांच्या भीतीचा फायदा उठवायचा. पण ज्याच्याकडे आठ बिग ब्लाइंड आहेत त्याच्या आजच्या दिवसाची जवळजवळ सगळी किंमत त्या लहान बक्षिसातच आहे. एकाच टेबलावर, एकाच पत्त्यांवर, या दोघांचं बरोबर उत्तर वेगवेगळं असतं.

## टप्पा 2: स्वतःचा गट ठरवा

टेबलावरचे बाकीचे पाहून स्वतःला एका गटात बसवा. 'मोठा' म्हणजे जवळजवळ सगळ्यांपेक्षा जास्त चिप्स. 'लहान' म्हणजे 10 किंवा कमी बिग ब्लाइंड. उरलेले सगळे 'मधले', आणि बबलवर सर्वांत अडचणीत मधलेच असतात. लहान स्टॅकवाल्याकडे गमवायला फार नाही, मोठा एका हाताने बाहेर पडत नाही. मधल्याला मात्र नुसतं बसून राहिलं तरी बक्षीस मिळणार असतं आणि एका चुकीने ते जाणार असतं.

त्यामुळे दोन नियम निघतात. मधल्याने मोठ्याशी भिडायचं टाळायचं. आणि दुसऱ्या मधल्यावर पहिला दबाव आपण आणायचा, कारण त्यालाही तीच भीती आहे.

## टप्पा 3: आधी कुणी आलं नसेल तर

तुमच्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकले आहेत. लहान जोडीसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. या जोडीची ताकद पत्त्यांत कमी आणि समोरच्याला पत्ते टाकायला लावण्यात जास्त आहे. दुसऱ्याने कॉल केला की ती एकतर नाणेफेक असते, नाहीतर मोठ्या जोडीसमोर पाचात एक.

10 बिग ब्लाइंडचं उदाहरण नीट सोडवून बघू. हातात पंजीची जोडी. मधे आधीच अडीच बिग ब्लाइंड पडलेले आहेत. समजा मागचा प्रत्येक खेळाडू फक्त अठ्ठी किंवा वरच्या जोडीवर, नाहीतर एक्क्याबरोबर गुलाम, राणी किंवा राजा असेल तरच कॉल करतो. एकूण हातांपैकी हे जेमतेम 7 टक्के. अशा कॉलसमोर पंजीची जोडी 38 टक्क्यांच्या आसपास जिंकते.

नुसत्या चिप्सच्या हिशोबाने, सगळे 42 टक्के वेळा पत्ते टाकत असतील तरी ऑल-इन फायद्याचा. पण बबलवर गमावलेली चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग असते. ती दीडपट महाग धरली तर सगळ्यांनी पत्ते टाकण्याची गरज 66 टक्क्यांवर जाते. आता मागे किती जण आहेत त्यावर बघा, सगळेच्या सगळे पत्ते टाकण्याची शक्यता किती:

- बटणावर, मागे दोघे: 87 टक्के
- कट-ऑफवर (बटणाच्या आधीची जागा), मागे तिघे: 81
- मागे चौघे: 75
- मागे पाच: 70
- मागे सहा: 66, म्हणजे अगदी काठावर
- बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे, मागे आठ: 57

तीच जोडी, तोच स्टॅक. बटणावर ऑल-इन, पहिल्या जागेवर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकणं. आणि पंजीऐवजी दुर्री असती तर? कॉल झाल्यावर 38 ऐवजी 36 टक्के. जवळजवळ काहीच फरक नाही. म्हणून "दुर्री आहे, टाकतो, छक्की आहे, जातो" हा विचार चुकीच्या गोष्टीकडे बघतो. खुर्ची बघा.

(पहिल्या जागांवरून जायचंच असेल तर एकाच रंगाचा एक्का-पंजी कधीकधी पंजीच्या जोडीहून बरा. तुमच्या हातात एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याच्या सहापैकी तीनच जुळण्या उरतात आणि एक्का-राजाच्या सोळापैकी बारा. लहान जोडी कुणाचंच काही अडवत नाही.)

स्टॅकप्रमाणे ढोबळ कृती अशी:

4 किंवा कमी. आता तुमच्या ऑल-इनला कुणी घाबरत नाही. तुमच्याहून लहान कुणीतरी एक-दोन हातांत ब्लाइंडमध्ये सापडणार असेल तर जोडीसुद्धा टाकून थांबा. तसं कुणी नसेल तर कुठल्याही जागेवरून, कुठलीही जोडी, सरळ आत.

5 ते 12. वरची यादी लागू. शेवटच्या चार-पाच जागांवरून ऑल-इन, आधीच्या जागांवरून फोल्ड. अर्धवट रेझ (चिप्स वाढवून लावणं) नको. आठपैकी अडीच टाकून मग पत्ते टाकणं म्हणजे स्टॅकचा तिसरा हिस्सा फुकट.

13 ते 20. इथे चुका सर्वाधिक होतात. स्मॉल ब्लाइंडमधून किंवा बटणावरून, मागचे मधल्या गटातले असतील तर मी 15 पर्यंत ऑल-इन जातो. त्याहून जास्त असेल तर दोन-सव्वादोन बिग ब्लाइंडचा रेझ आणि कुणी परत ऑल-इन आलं तर फोल्ड. हा फोल्ड करवत नसेल तर रेझच करू नका. सुरुवातीच्या जागांवरून दुर्री, तिर्री, चव्वी सरळ टाका.

20 च्या पुढे. लहान रेझ. डावीकडे मोठा स्टॅक बसलेला असेल आणि तो सारखा परत रेझ करत असेल, तर सुरुवातीच्या जागांवरून तेही नको.

तुम्हीच मोठे असाल तर. मधले लोक ब्लाइंडमध्ये असताना जवळजवळ प्रत्येक वेळी रेझ करा. लहान जोडी हे त्यासाठी चांगलं निमित्त आहे, पण निमित्त नसलं तरी चालतं.

सावधान: डावीकडे असा एखादा असतो ज्याला बबल वगैरे कळतच नाही. सुट्टीला आलेला, दोन पेग झालेला, "बघू काय ते" म्हणत एक्का-तिर्रीवर कॉल करणारा. वरचे सगळे आकडे लोक पत्ते टाकतात यावर उभे आहेत. तो माणूस मागे असेल तर त्याच्यासाठी हिशोब वेगळा करा.

## टप्पा 4: आधी कुणी रेझ केला असेल तर

इथे तीन रस्ते आहेत, आणि लोक सवयीने नेमका वाईट धरतात: नुसता कॉल करून सेट (जोडीला जुळणारं तिसरं पान) लागतोय का बघणं.

फ्लॉपवर (मधे उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांवर) सेट लागायची शक्यता 11.8 टक्के, साधारण साडेआठ वेळांत एकदा. आणि लागला तरी समोरचा दरवेळी सगळं देत नाही. म्हणून जुना ठोकताळा असा की कॉलच्या किमान 15 ते 20 पट चिप्स दोघांच्याही मागे हव्यात. बबलजवळ बघा: रेझ 2.2 बिग ब्लाइंड, तुमच्याकडे 20. नऊपट. गणित बसत नाही. वर बबलवर लोक घाबरून खेळतात, त्यामुळे सेट लागल्यावर मिळायचं तेही कमी मिळतं.

अपवाद एकच, बिग ब्लाइंडचा. तुमचा एक आत आहे, अँटीही तुम्हीच भरली आहे. आणखी 1.2 टाकायचे आणि मधे 4.7 आहेत. तुमच्या मागे 25 असतील तर वीसपट होतात. इथे कॉल करा. पण सेट नाही लागला तर तिथेच सोडायच्या बोलीवर.

दुसरा रस्ता: परत ऑल-इन. यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात.

1. रेझ करणारा उशिराच्या जागेवरचा असावा आणि बरेच हात उघडणारा असावा.
2. तो मधला असावा. म्हणजे तुमच्याशी हरला तर त्याची कंबर मोडेल असा.
3. तुमच्याकडे 12 ते 18 बिग ब्लाइंड असावेत. आठ असतील तर तो कॉल करणारच. तीस असतील तर तुम्ही साडेचार-पाच बिग ब्लाइंडसाठी फार जास्त धोक्यात घालताय.
4. तुमच्या मागे अजून बोलायचा राहिलेला कुणी मोठा नसावा.

चारपैकी तीन जुळले म्हणून जाऊ नका. फोल्ड करा. फोल्ड हाच तिसरा रस्ता, आणि या टप्प्यावर तोच सर्वांत जास्त वेळा बरोबर असतो.

चिप लीडर प्रत्येक हात उघडतो म्हणून त्याच्यावर परत ऑल-इन जायचा मोह होतो. त्याच्याकडे बहुतेकदा कचराच असतो, हे खरं. पण याआधी कुणी त्याच्यावर ऑल-इन गेलं तेव्हा त्याने काय केलं, ते आठवा. पत्ते टाकले असतील तर विचार करा. "चल, बघतोच" म्हणून राजा-नव्वीवर कॉल केला असेल तर तुमची पंजीची जोडी नाणेफेकीत उतरेल, आणि नाणं तुमच्या टूर्नामेंटचं.

## टप्पा 5: समोरून ऑल-इन आला असेल तर

हा या लेखाचा गाभा. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

चौघे उरले आहेत, तिघांना बक्षीस. एकूण रक्कम 1,00,000 रुपये: 50,000, 30,000 आणि 20,000. चौघांकडे सारख्या चिप्स, 2,500 प्रत्येकी. सगळं सारखं असल्याने प्रत्येकाच्या स्टॅकची किंमत 25,000 रुपये.

एकजण ऑल-इन जातो, तुम्ही कॉल करता. हरलात तर शून्य. जिंकलात तर तुमच्याकडे 5,000, बाकी दोघांकडे 2,500. आता तुमच्या स्टॅकची किंमत काढू. पहिलं येण्याची शक्यता निम्मी, दुसरं येण्याची एक-तृतीयांश, तिसरं येण्याची एक-षष्ठांश. म्हणजे 25,000 अधिक 10,000 अधिक 3,333. बेरीज 38,333.

चिप्स दुप्पट झाल्या, पैसे झाले नाहीत. तुम्ही 13,333 मिळवायला 25,000 पणाला लावलेत. हा कॉल परवडायला तुम्हाला 65 टक्क्यांहून जास्त वेळा जिंकायला हवं.

आता पंजीच्या जोडीला एक्का-राजासमोर किती? रंग वेगळे असतील तर 55 टक्के. 38,333 चे 55 टक्के म्हणजे 21,083. पत्ते टाकून 25,000 होते. आपण 'पुढे' असतानाही कॉलने जवळजवळ 3,900 रुपये घालवले.

"पण तो काहीही घेऊन ऑल-इन जातोय!" हे वाक्य मी प्रत्येक टेबलावर ऐकलंय. ठीक आहे, तो पत्ते न बघता जातो असं धरू. कुठल्याही दोन पत्त्यांसमोर जोड्यांची जिंकण्याची शक्यता अशी:

- दुर्री: 50 टक्के
- तिर्री: 54
- चव्वी: 57
- पंजी: 60
- छक्की: 63
- सत्ती: 66

समोरचा डोळे मिटून खेळत असला तरी दुर्री ते छक्की यांतली एकही जोडी 65 ला पोचत नाही. सत्तीपासून पुढे रेघ ओलांडली जाते, म्हणून ती मी लहान जोडीत धरली नाही. ब्लाइंडचे पैसे हिशोबात घेतले तर रेघ थोडी खाली सरकते आणि छक्की काठावर येते, हे मान्य. पण पत्ते न बघता ऑल-इन जाणारा प्रत्यक्षात भेटतो किती वेळा?

मोठ्या टूर्नामेंटच्या बबलवर ही रेघ इतकी वर नसते, कारण लहान बक्षीस एकूण रकमेच्या मानाने किरकोळ असतं. तरी ती पन्नासच्या वरच असते, आणि लहान जोडी बहुतेक हातांसमोर पन्नासच्याच आसपास घुटमळते. उत्तर बदलत नाही.

मी स्वतः हे शिकलो ते फी भरून. बक्षिसात 14 येणार होते, 16 उरले होतो. माझ्याकडे 19 बिग ब्लाइंड, टेबलावर चौथा क्रमांक. माझ्याहून जास्त चिप्स असलेला एकजण ऑल-इन आला आणि मी छक्कीच्या जोडीवर दोन मिनिटं विचार केल्याचं नाटक करून कॉल केला. त्याच्याकडे एक्का-राणी. टर्नला (मधल्या चौथ्या पानाला) राणी. सामान आवरून काउंटरपर्यंत पोचतो तोवर मागून टाळ्या ऐकू आल्या. आणखी दोघे बाहेर गेले होते, बबल फुटला होता. बोटीवरून किनाऱ्यावर येईपर्यंत मी त्या राणीला शिव्या घालत होतो. राणीने काही केलं नव्हतं. पत्ते उघडायच्या आधीच मी हरलो होतो.

कॉल कधी करायचा: ऑल-इन जाणाऱ्याचा स्टॅक तुमच्या मानाने अगदी लहान असेल तेव्हा. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये, तुमच्याकडे 40. तो 4 बिग ब्लाइंड घेऊन आत आला, बाकी सगळ्यांनी टाकले. तुम्हाला आणखी 3 टाकायचे आहेत आणि मधे साडेसहा आहेत. फक्त 32 टक्के वेळा जिंकलात तरी पुरे. हरलात तरी 36 उरतात. इथे दुर्रीची जोडीही बिनधास्त कॉल.

तपासा: "कॉल" हा शब्द तोंडातून जाण्याआधी एकच प्रश्न. हरलो तर मी टूर्नामेंटमध्ये राहतो का? उत्तर नाही असेल तर लहान जोडी टाका. एकदा शब्द उच्चारला की तो बांधील असतो, "थांबा, मला म्हणायचं होतं..." चालत नाही.

## टप्पा 6: फ्लॉप बघायला मिळालाच तर

थोडक्यात. छक्कीच्या जोडीवर फ्लॉपला छक्कीहून मोठं एकही पान न येण्याची शक्यता फक्त 4 टक्के आहे. सेट नसेल तर तुमच्याकडे जवळजवळ कायमच दुसरी, तिसरी किंवा चौथी जोडी असते. तुम्हीच रेझ केला असेल आणि समोर एकच मधला खेळाडू असेल तर एक लहानशी बेट टाका, साधारण पॉटच्या (मधे जमलेल्या चिप्सच्या) तिसऱ्या हिश्श्याची. त्याने कॉल केला की थांबा. दुसऱ्याने रेझ केला होता आणि सेट नाही? त्याच्या पहिल्या बेटला पत्ते टाका.

सेट लागला तर समोरचा कोण ते बघा. मोठा स्टॅक दादागिरी करत असेल तर चेक-कॉल करत, म्हणजे स्वतः बेट न टाकता त्याची बेट फक्त कॉल करत, त्यालाच बोलू द्या. मधला असेल तर लहान बेट. घाबरलेल्या माणसाला मोठी बेट दाखवली की तो एक्क्याची जोडीही टाकतो.

## टप्पा 7: हँड-फॉर-हँड

एक-दोन जणांचं अंतर उरलं की टूर्नामेंट डायरेक्टर हँड-फॉर-हँड जाहीर करतो. प्रत्येक टेबल एक हात खेळतं आणि सगळी टेबलं संपेपर्यंत थांबतं. मुद्दाम वेळ काढून आता उपयोग नाही.

नियम माहीत असू द्या, त्यावर निर्णय बदलतात. याच काळात एकाच फेरीत दोन वेगळ्या टेबलांवर दोघे बाहेर गेले तर साधारणपणे ते त्या जागा वाटून घेतात. एकाच टेबलावर एकाच हातात दोघे गेले तर हाताच्या सुरुवातीला ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरच्या क्रमांकावर. तिथला नेमका नियम सुरू होण्याआधी डायरेक्टरला विचारून घ्या.

लहान जोडीसाठी इथे वेगळं काही नाही, फक्त तिसऱ्या टप्प्यातला धीर थोडा वाढवा आणि पाचव्यातला आणखी कमी करा. म्हणजे पहिलं आत जायला मोकळे, कॉल करायला कंजूष. शेजारच्या टेबलावर कुणी ऑल-इन गेल्याची हाक आली आणि तुमचा निर्णय अजून व्हायचा असेल, तर घाई करू नका. पण समोरच्याने क्लॉक (तुमच्या निर्णयाला वेळेची मर्यादा) मागण्याइतकंही ताणू नका.

## बबल फुटल्यावर पहिली दहा मिनिटं

टाळ्या होतात, लोक फोन काढून घरी कळवतात, आणि तासभर मुठी आवळून बसलेले सगळे लहान स्टॅक एकदम सुटतात. राजा-पंजी, राणी-दश्शी, काहीही घेऊन ऑल-इन. मघाशी ज्या जोडीने कॉल करणं वेडेपणा होता, तिचा हिशोब आता पालटतो. पुढची बक्षिसं टप्प्याटप्प्याने आणि हळू वाढत असतील तर हरल्याची किंमत एकदम खाली येते. चव्वी, पंजी, छक्की घेऊन आठ-दहा बिग ब्लाइंडचा कॉल आता तुमच्या स्टॅकवर अवलंबून विचारात घेता येतो.

उलट, पहिलं ऑल-इन जाण्यातला धाक कमी होतो, कारण लोक कॉल करू लागतात. 12 बिग ब्लाइंड घेऊन मधल्या जागेवरून तिर्रीची जोडी ढकलणं, जे पंधरा मिनिटांपूर्वी बरोबर होतं, ते आता थांबवा. आणि डावीकडचे स्टॅक पुन्हा मोजा. टेबलं मोडली असतील, तर तिथे बसलेली माणसंही बदललेली असतात.